कुर्लीचा पिंजरा

शब्दकोशात ‘खेकडा’ एवढे लिहिले की कोशकार सुटतो. खाडीवर तेवढ्याने भागत नाही. उत्तर कोकणात तिला चिंबोरी म्हणतात, आमच्या रत्नागिरीकडे कुर्ली. मराठीचा प्राध्यापक असूनही ही मौज मला कळली ती सुट्टीत भाट्याच्या खाडीवर बसू लागल्यावर.

प्रारंभी मी कड्याचे जाळे वापरी. हातभर रुंदीचे लोखंडी कडे, त्याला सैल जाळे, मधोमध बांधलेले बांगड्याचे डोके. पाण्यात सोडायचे आणि दहा मिनिटांनी एका दमात वर ओढायचे. हात जरा अडखळला की कुर्ली पसार! शिवाय जागचे हलता येत नाही. तेथे उत्तरपत्रिका तपासू नयेत, हा स्वानुभव.

म्हणून घडीचा नायलॉनचा पिंजरा घेतला. त्याची तोंडे नरसाळ्यासारखी. आत शिरणे सोपे, परतणे अवघड. संध्याकाळी सोडावा, सकाळी काढावा. पण एका पौर्णिमेच्या उधाणात दोरी तुटली आणि पिंजरा गेला. मी हळहळलो, तो पैशांसाठी.

अमावस्येच्या ओहोटीला पाणी खूप मागे हटले, तेव्हा तो चिखलात रुतलेला दिसला. आत दोन कुर्ल्या मेलेल्या, तिसरी नांगी तुटलेली, पण जिवंत. आमिष केव्हाच संपले होते. आता मेलेल्याच नव्यांना बोलावीत होत्या. जवळच होडीला डांबर लावणारे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, तुम्ही विसरलात तरी हा मारीतच राहणार.”

‘मास्तर’ हा शब्द दुरुस्त करण्याची ती वेळ नव्हती.

नायलॉन कुजत नाही, हेच खरे दुखणे. आताचा पिंजरा मी घरी केला आहे. जस्ती तारेची जाळी, तळाला दगड, पिल्लांना निसटायला खालच्या कोपऱ्यांत भोके. दार मात्र सुती दोऱ्याने बांधतो. पिंजरा हरवलाच, तर दोरा कुजून दार आपोआप उघडेल. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये पिंजऱ्याला असा कुजणारा भाग ठेवण्याचा नियमच आहे. पोटाखाली अंडी असलेली मादी सापडली, तर ती मी तिथल्या तिथे परत सोडतो. अंड्यांतून पिल्ले सोडायला तिला समुद्राकडे जायचे असते.

दोरा वरचेवर बदलावा लागतो. गोधडीच्या दोऱ्याचे रीळ इतक्या लवकर कसे संपते, याचा शोध घरी अजून चालू आहे.