विकलेला पोळा

माझ्या कपाटात एक नारिंगी मफलर आहे. वाशिमच्या उन्हात त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि थंडीत तो गुंडाळून पाटणी चौकात गेलं तर लोक विचारतात, कोणता पक्ष? तो एफसी पुणे सिटीचा आहे. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा बालेवाडीच्या गेटबाहेर घेतलेला.

दिवाळीला ट्रॅव्हल्सने गावी आलो की टपरीवर मित्रांसमोर इंडियन सुपर लीगचं गुऱ्हाळ लावायचो. आमच्याकडे फुटबॉल शालेय स्पर्धांपुरता, त्यामुळे ऐकणाऱ्यांचा संयम बेताचाच. २०१९च्या दिवाळीत मी सांगितलं, आमची टीम हैदराबादला गेली.

"खेयाले?"

"नाही, कायमची. विकली."

मित्र शेतकरी. सोयाबीनच्या भावाने आधीच वैतागलेला. त्याने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "बैल इकता येते भाऊ. पोया कसा इकसान?"

त्या प्रश्नाचा नाद मला तेव्हापासून लागला आहे. नवा मालक आला की चाहत्याने त्याच्याकडे आधी काय मागावं? खेळाडू, प्रशिक्षक, अकादमी की मैदान?

पुण्याइतकी उत्तरं या देशात क्वचितच दुसऱ्या शहराने दिली असतील, आणि सगळी नापास झालेली. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली निघाला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, अकादमीही नावाजलेली. २०१५मध्ये कारभार आटोपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने थेट लिव्हरपूलशी हातमिळवणी करून अकादमी काढली. २०१७नंतर तेही नाहीत. मग उरला वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी. समूहाची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल २०१९मध्ये कोलमडली, आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीस लीगमधली पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली.

जागा म्हणजे परवाना. आपल्या लीगमध्ये क्लब म्हणजे शेवटी तेवढाच. हा परवाना पुढे कुठे कुठे गेला, त्याचा माग मी एखाद्या चुलत भावाच्या बदल्यांसारखा ठेवला आहे. २०२२च्या मार्चमध्ये फातोर्ड्याला हैदराबादने अंतिम सामना जिंकला. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीने केरळा ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या, आणि मी वाशिमच्या घरात टीव्हीसमोर सुतकात बसल्यासारखा बसलो होतो. पुढे हैदराबादेतही पैसे आटले. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये परवाना दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली असं नाव ल्यायला. आणखी गंमत अशी की दिल्लीची मूळची टीम, डायनॅमोज, २०१९मध्येच भुवनेश्वरला हलून ओडिशा एफसी झाली होती. दिल्लीकरांना एक घर उठवून दुसऱ्याचं बिऱ्हाड मिळालं.

चाहतेही यात धुतल्या तांदळाचे नाहीत. २०१४मध्ये पुण्यात दाविद त्रेझेगे आला, युरो २०००च्या अंतिम सामन्यात गोल्डन गोल मारणारा. पुढच्या वर्षी मुटू. त्याच्या पुढच्या वर्षी आइसलँडच्या गुडयॉनसनचं नाव जाहीर झालं, पण तो हंगामाआधीच जायबंदी झाला. दरवर्षी आम्ही नावं मोजली. बालेवाडीचं क्रीडासंकुल सरकारचं, १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं. मालकाने पुण्यात एक वीतभर जमीन घेतली आहे का, हे ना मी विचारलं ना माझ्या शेजारी बसून ढोल बडवणाऱ्याने.

या सगळ्याचं मूळ शोधताना मी लंडनच्या विम्बल्डनपाशी पोचलो आणि तिथेच रमलो. टेनिसचं नव्हे, फुटबॉलचं विम्बल्डन. १९८८ साली याच क्लबने एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला हरवलं होतं. १९९१मध्ये तो आपलं प्लाउ लेन मैदान सोडून दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू झाला. पुढे ते मैदान एका सुपरमार्केट कंपनीला विकलं गेलं. क्लब नॉर्वेच्या धनिकांच्या हाती आला. मैदान नाही म्हणून तोटा, आणि तोटा म्हणून स्थलांतर. मालकांनी सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या वसाहतीत जायची परवानगी मागितली.

प्रकरण तीन जणांच्या आयोगापुढे गेलं. २८ मे २००२ रोजी निकाल लागला, दोन विरुद्ध एक: जाऊ द्या. त्या अहवालातलं एक कलम मी कितीदा वाचलं असेन. चाहत्यांनी वेगळा क्लब काढायची भाषा केली होती. आयोगाच्या बहुमताच्या मते तसं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नव्हतं. भाषा अगदी सभ्य. आपल्याकडे धरणग्रस्तांना नोटीस येते ना, त्याच वळणाची.

चाहत्यांनी तो अहवाल बाजूला ठेवला. महिनाभरात विम्बल्डनच्या माळावर नव्या संघासाठी खुली निवड चाचणी झाली, २३० पोरं आली. जुलैत पहिला मैत्रीपूर्ण सामना सटन युनायटेडशी. ०-४ असे हरले, पण बघायला साडेचार हजारांवर माणूस. एएफसी विम्बल्डन नवव्या पायरीवरच्या लीगमधून सुरू झाला आणि २०११मध्ये, नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून, इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये पोचला. मालकी चाहत्यांच्या न्यासाकडे, एका सभासदाला एक मत.

मला इथे थांबावंसं वाटतं ते त्यांनी पैसे कशावर घातले म्हणून. सुरुवातीलाच, २००३मध्ये, किंग्जमेडो हे छोटं मैदान ताब्यात घेतलं. पुढे ते चेल्सीला विकून आलेले पैसे जुन्या प्लाउ लेनजवळच्या नव्या स्टेडियमला लावले. तरी कमी पडले, तेव्हा चाहत्यांकडून रोखे घेऊन ५० लाख पौंडांहून जास्त उभे केले. ३ नोव्हेंबर २०२०ला तिथे पहिला सामना झाला, डॉनकॅस्टरशी २-२. कोविडमुळे आत एकही प्रेक्षक नव्हता. अठरा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी मंडळी घरी पडद्यासमोर.

एका सभासदाला एक मत म्हटल्यावर वाचकाला सोसायटी आठवली असेल. बरोबर आहे. जर्मनीत बहुतेक व्यावसायिक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या संस्थेकडे राहतील असा नियमच आहे. गुंतवणूकदार पैसा ओतू शकतो, पण क्लब उचलून नेऊ शकत नाही. आपल्या सहकाराचं पुढे काय झालं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून मी त्या नियमाची आरती ओवाळत नाही. इंग्लंडने मात्र २०२५मध्ये कायदाच केला. आता तिथे बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर बहुसंख्य चाहत्यांची मान्यता लागते, आणि मैदान सोडायचं तर नियामकाची परवानगी.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं एकच ठिकाण मला माहीत आहे, कोल्हापूर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल: तालमींचे संघ, वर्गणीवर आणि पेठेतल्या देणगीदारांवर चालणारे. आफ्रिकेतून खेळाडू आणण्याइतकी ईर्षा त्यांच्यात आहे. शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजी होते, सामने थांबतात, ते सगळं खरं. पण पाटाकडील उद्या हैदराबादला जाणार असं कोल्हापुरात बोलून बघा. तो संघ विकायला कोणाचा नाहीच.

मुंबई सिटीचं उदाहरण माझ्या विरोधात जातं, असं मला बरीच वर्षं वाटे. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीच्या समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या पाच हंगामांत दोनदा साखळीची ढाल, दोनदा चषक. मालक शहाणा असेल तर चाहत्याने कशाला लुडबुड करावी? मग लीगच्या हक्कांचा करार संपत आला, हंगाम लटकला, आणि २०२५च्या डिसेंबरमध्ये समूहाने हिस्सा सोडला. जुने मालक टिकून होते म्हणून क्लब मुंबईत राहिला. सामने अंधेरीच्या मैदानावर होत, आणि ते मैदान क्लबचं नव्हतं.

टपरीवरच्या मित्राला मी विम्बल्डनची गोष्ट सांगितली. त्याला ती पाच पायऱ्यांची चढाई वगैरे काही विशेष वाटली नाही. "म्हंजे आधी वावर इकलं, मंग गाव उठलं," एवढंच म्हणाला.

पुण्यात पुन्हा कोणी तरी टीम काढेल, समारंभ होईल, एखादा नटही येईल. त्या पत्रकार परिषदेत तुमच्यापैकी कोणी असाल तर स्ट्रायकर कोण, हे विचारू नका. मैदानाचा सातबारा मागा.