आधी लेकरांचे पेले, मग डेअरीची किटली

पीक वर्षातून एकदा-दोनदा घरात येतं. दूध, अंडी, शेवगा मात्र रोजचं देणं. पण त्याची जमेला नोंद कुणी करीत नाही.

आमच्या भागातलं एक तरुण जोडपं बघा. दोन लेकरं, दीड एकर कोरडवाहू, एक गाय, पाच-सहा देशी कोंबड्या. न्हाणीच्या पाण्यावर अळू, अन् थोडं पलीकडं शेवगा. 'पाऊस हातात नाही, पण एवढं तरी देवानं दिलंय,' असं घरधनीण म्हणते. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६०-७० अंडी देते. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम अन् 'अ' जीवनसत्त्व भरपूर. फुकट मिळते म्हणून त्या भाजीला आपल्याकडे मान नाही, ही गंमतच!

खरी खटकणारी गोष्ट वेगळीच. पुष्कळ घरांत सगळं दूध डेअरीला जातं अन् पोरं कोरा चहा पितात. या घरात धार काढली की दोन पेल्यांचं दूध आधी चुलीवर चढतं, मग किटली बाहेर पडते. दुधाचं बिल थोडं कमी येतं. ते त्यांनी धरूनच चाललंय.

तुमच्या दारात शेवगा नसेल, तर पावसाच्या तोंडाला मनगटाएवढी जाड, दोन-तीन हात लांब फांदी लावा. बुडाशी पाणी साचू देऊ नका, मूळ कुजतं. फुटवा कमरेच्या वर गेला की शेंडा खुडा. फांद्या फुटतात अन् शेंगा हाताला येतात.