ओव्हन ‘एरर’ दाखवतो तेव्हा : बोर्ड बदलण्याआधी काय पाहावे?

नवरात्र सरत आली की सुरतेतल्या आपल्या मराठी घरांतही फराळाचे वेध लागतात. चकली, करंजी कढईतली. पण नानखटाई मात्र भट्टीतली. पूर्वी घरून पीठ मळून, पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीत रांग लावायची पद्धत होती. आता बहुतेक घरांत ओव्हन आला आहे. नानखटाईसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात राहून ती घरी करायची नाही, हे आपल्यालाही पटत नाही!

आणि नेमक्या अशाच वेळी ओव्हन मध्येच बंद पडतो. पडद्यावर एफ, ई किंवा सी असे एखादे अक्षर आणि पुढे एक आकडा दिसतो. मेकॅनिक येतो, “कम्युनिकेशन एरर आहे, बोर्ड गेला,” म्हणतो आणि बोर्डाची किंमत ऐकून नवा ओव्हनच घ्यावा का, असा विचार घरात सुरू होतो. हा एरर म्हणजे काय, आणि बोर्ड खरेच गेला आहे की नाही हे कसे ओळखायचे, ते या लेखात पाहू.

दोन बोर्डांचे बोलणे

बटनांच्या आणि पडद्याच्या आजच्या ओव्हनमध्ये बहुधा दोन बोर्ड असतात. पुढच्या काचेमागे असतो तो डिस्प्ले बोर्ड. तुम्ही बटन दाबता ते याला कळते. आत असतो तो पॉवर बोर्ड. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो इलेक्ट्रॉनिक भागांसाठी ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा तयार करतो आणि रिलेच्या मदतीने कॉइल, पंखा, दिवा चालू-बंद करतो.

या दोघांना जोडणारी एक बारीक केबल असते. तिच्या काही तारांतून वीज जाते, काहींतून निरोप. पुढचा बोर्ड सांगतो, “१८० अंश हवे आहेत.” आतला उत्तर देतो, “आत्ता १४० आहेत, कॉइल चालू आहे.” ओव्हन चालू असेपर्यंत हे बोलणे सतत चालते. ठरावीक वेळात उत्तर आले नाही की ओव्हन कॉइल बंद करतो आणि एरर दाखवतो. हे सुरक्षेसाठीच आहे. आतले तापमान कळत नसताना कॉइल चालू ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण.

म्हणजे एररचा अर्थ एवढाच, की बोलणे तुटले. फोन मध्येच कट झाला तर आपला फोन बिघडला, समोरच्याचा बिघडला की नेटवर्क गेले, हे लगेच सांगता येत नाही. इथेही तसेच आहे. दोष पुढच्या बोर्डात असेल, आतल्या बोर्डात असेल, किंवा मधल्या केबलमध्ये. केबलचा दोष सर्वांत स्वस्तात दुरुस्त होतो, म्हणून ती सर्वांत आधी तपासायला हवी.

बोलणे कशामुळे तुटते?

आपल्याकडे पहिला संशय दमट हवेवर घ्यावा. समुद्र जवळ, तापीचा काठ आणि चार महिने पाऊस. कनेक्टरच्या बारीक पिनांवर ओलसर, खारट हवेने गंज धरतो. त्यात फोडणीची तेलकट वाफ चिकटते.

दुसरे कारण उष्णता. बोर्ड भट्टीच्या जवळच असतो, म्हणून त्याला थंड ठेवायला पंखा दिलेला असतो. तो अडला किंवा मागची जागा भिंतीला चिकटली, की सोल्डरचे जोड कमजोर होतात आणि कपॅसिटर सुकतात.

तिसरे कारण झुरळे आणि उंदीर. ऊब असते तिथे झुरळे घर करतात, आणि उंदराने तार कुरतडली की बोलणे संपलेच. चौथे कारण वीज : ढिला प्लग, कमी-जास्त होणारे व्होल्टेज, नीट नसलेले अर्थिंग.

एरर कधी येतो, याकडे लक्ष द्या

मेकॅनिकला सर्वांत उपयोगी पडणारी माहिती तुमच्याकडेच असते.

• थंड ओव्हन चालू होतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी एरर येतो : उष्णतेने सुटणारा जोड किंवा बंद पडलेला पंखा यांचा संशय.
• पावसाळी सकाळी येतो, दुपारी येत नाही : ओलावा.
• साफसफाईनंतर लगेच आला : पाणी आत गेले असावे.
• दार आपटले की येतो-जातो : ढिला कनेक्टर.
• चालू करताच, दरवेळी येतो : तुटलेली तार किंवा खरोखर बोर्डाचा दोष.

घरी एवढे करा

पडद्यावरच्या कोडचा फोटो काढा आणि माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ पाहा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात. मग मेन स्विच किंवा एमसीबी बंद करून दहा मिनिटे थांबा. बोर्डातली शिल्लक वीज उतरली की तो नव्याने सुरू होतो आणि क्षणिक गडबड असेल तर एरर जातो. ओव्हन एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर काढून थेट १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. ओलाव्याचा संशय असेल तर एक दिवस बंद ठेवून कोरडा होऊ द्या.

एरर पुन्हा आला तर वारंवार चालू-बंद करत बसू नका. जळका वास, ठिणगी किंवा शॉक जाणवला तर प्रयोग तिथेच थांबवा. ऑगस्ट २००६ चा पूर सुरतकरांना आठवत असेलच. पाण्यात बुडालेले कोणतेही उपकरण तपासल्याशिवाय सुरू करायचे नसते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मायक्रोवेव्ह किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर त्याचे कव्हर घरी मुळीच उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. त्या धक्क्याने जीव जाऊ शकतो. घरात लूमचे किंवा एम्ब्रॉयडरी मशीनचे काम जाणणारे कोणी असले, तरी हे काम मायक्रोवेव्ह शिकलेल्या माणसाचेच.

मेकॅनिकला विचारायचे चार प्रश्न

१. केबल काढून, पिना साफ करून पुन्हा बसवून पाहिली का?
२. केबलची प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासली का?
३. डिस्प्ले बोर्डापर्यंत ५ किंवा १२ व्होल्ट पोहोचतात का? पोहोचत नसतील आणि केबल ठीक असेल, तर दोष बहुधा पॉवर बोर्डाच्या पुरवठ्यात.
४. नक्की कोणता बोर्ड गेला आणि ते कशावरून ठरवले?

केबल चांगली, पुरवठा बरोबर, तरीही बोलणे नाही, असे झाले तरच बोर्ड बदलण्याची गोष्ट. तेव्हाही बोर्डावरचा एखादा रिले, कपॅसिटर किंवा जोड दुरुस्त होतो का, ते विचारा. सुरतेत एम्ब्रॉयडरी मशीनचे बोर्ड दुरुस्त करणारे कुशल कारागीर आहेत, त्यामुळे असे हात इथे मिळतात. वॉरंटी चालू असेल तर मात्र कंपनीच्याच माणसाला बोलवा आणि बिल, जुना कोड, केलेले काम लेखी घ्या. तक्रार ऐकली गेली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक छोटी सवय

बेकिंग झाले की आपण भिंतीवरचा स्विच लगेच बंद करतो. वीज वाचवायची आपली जुनी शिस्त! पण बऱ्याच ओव्हनचा थंड करणारा पंखा नंतरही काही मिनिटे चालतो. तो मध्येच बंद केला की आतली सगळी उष्णता बोर्डावर जाते. पंखा आपोआप थांबल्यावरच स्विच बंद करा. मागे हवेला जागा ठेवा, पुसताना फवारा बटनांवर न मारता कापडावर मारा, आणि पावसाळ्यात ओव्हन आठवड्यातून एकदा तरी थोडा वेळ चालवा.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी ओव्हन रिकामाच अर्धा तास तापवून पाहा. काही दोष असेल तर तो तेव्हाच कळेल, दुरुस्तीला वेळही मिळेल आणि नानखटाईचे ट्रे ऐन वेळी अडकणार नाहीत.