पाटा स्प्रिंग

पाटा स्प्रिंग (बोलीभाषेत पाटे) ही पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली वाहनाची कमानदार स्प्रिंग होय. ट्रक व पिकअप यांच्या मागील ॲक्सलवर ती प्रामुख्याने आढळते. टोयोटा हायलक्स आणि महिंद्रा बोलेरो पिकअप ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. इंग्लंडमधील ओबाडाया इलियट यांनी १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले होते. आजच्या पिकअपमध्ये अर्धलंबवर्तुळाकार पाटे असतात.

गुंडाळी स्प्रिंग केवळ भार पेलते. ॲक्सल जागेवर ठेवण्यासाठी वेगळे दांडे लागतात. पाटे ही दोन्ही कामे करतात. त्यामुळे जुन्या वाहनाचे पाटे झिजल्यास प्रवास खडतर होतोच, शिवाय वाहनावरील नियंत्रणही कमी होते.

रचना

सर्वांत लांब पाट्यास मुख्य पाटा म्हणतात. त्याची टोके वळवून 'डोळे' केलेले असतात व त्यांत बुश बसवतात. सामान्यतः पुढचा डोळा चासीच्या ब्रॅकेटला जोडलेला असतो, तर मागचा डोळा शॅकल या झुलत्या दुव्याला. भाराने कमान सपाट झाली की डोळ्यांतील अंतर वाढते. या वाढीला शॅकलमुळे वाव मिळतो. जुडीच्या मध्यातून जाणारा सेंटर बोल्ट ॲक्सलचे स्थान निश्चित करतो. जुडी ॲक्सलवर आवळून धरण्याचे काम मात्र यू-बोल्टचे असते.

झीज व लक्षणे

वारंवार वाकण्यामुळे पाट्यांत सूक्ष्म तडे जातात. गंज आणि अतिभार यांमुळे ते लवकर वाढतात. रिकामे वाहन एका बाजूस कललेले दिसणे, खड्ड्यातून जाताना खडखड होणे, बुशचे रबर फाटणे व शॅकलची पिन खिळखिळी होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. यू-बोल्ट सैल झाल्यास सारा ताण सेंटर बोल्टवर येऊन तो तुटू शकतो. मग ॲक्सल मागेपुढे सरकते, वाहन तिरके चालते आणि टायर असमान झिजतात.

बदलण्याची प्रक्रिया

पुढील चाकांना ठोकळे लावून वाहनाचा मागील भाग उचलतात. चासी भक्कम स्टँडवर टेकवली जाते व ॲक्सलला जॅकचा स्वतंत्र आधार दिला जातो. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या वाहनाखाली काम करणे जीवघेणे ठरू शकते. शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडवून यू-बोल्ट काढतात, नंतर शॅकल व पुढची पिन काढून जुडी उतरवतात. ॲक्सल खाली सरकताना ब्रेकच्या नळीवर ताण येणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

नवी जुडी बसवताना सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरील छिद्रात नेमके बसणे आवश्यक असते. यू-बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून जुने पुन्हा न वापरता नवे बसवतात आणि त्यांचे नट आळीपाळीने, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळतात. रबरी बुशचे बोल्ट मात्र वाहन चाकांवर उभे राहिल्यानंतरच अखेरचे आवळले जातात. ते अधांतरी स्थितीत आवळल्यास वाहन खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. काही अंतर धावल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा तपासले जातात.

दोन्ही बाजूंची उंची व ताठरता समान राहावी म्हणून पाटे सहसा जोडीने बदलतात. मागील उंची बदलल्यास हेडलाइटचा रोख बदलतो. ज्या वाहनांत भारानुसार मागील ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह असतो, तेथे त्याचीही जुळणी करावी लागते.

जादा पाटे

अधिक माल वाहण्यासाठी जुडीत जादा पाटे घालण्याची प्रथा आहे. त्यामुळे वाहन कमी दबते. परंतु ॲक्सल, चासी, टायर व ब्रेक यांची मूळ क्षमता वाढत नाही. रिकामे वाहन अधिक उसळते व खडबडीत रस्त्यावर मागील चाकांची पकड कमी होते.

सुरक्षिततेचे महत्त्व

टोयोटाने २०१४ मध्ये अमेरिकेतील २००५ ते २०११ या वर्षांच्या सुमारे ६,९०,००० टॅकोमा पिकअप मागील पाट्यांच्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ताण व गंज यांमुळे पाटा तुटून इंधनटाकीला छिद्र पडण्याची व गळतीमुळे आग लागण्याची शक्यता होती. तडा गेलेल्या पाट्यावर वेल्डिंग केल्यास पोलादावरील उष्णतेची प्रक्रिया नष्ट होऊन तो जवळच पुन्हा तुटू शकतो. म्हणून असा पाटा बदलणे हाच सुरक्षित उपाय मानला जातो.