गोरज मुहूर्त आणि ८६४ चौरस मिलिमीटर

लग्नाची ऑर्डर घेताना परतूरसारख्या तालुक्याच्या गावातला फोटोवाला तारखेइतकाच मुहूर्तही विचारतो. दुपारचं लग्न असलं तर उजेडाची चिंता नाही. गोरज मुहूर्त असला, की अक्षता पडेपर्यंत दिवस मावळलेला असतो आणि चेहऱ्यांवर एलईडीचा जांभळा-हिरवा रंग चढतो. फ्लॅश मारावा तर नवरा-नवरी पांढरीफटक आणि मागचा मांडव काळाकुट्ट. ‘फुलफ्रेम बॉडी घ्यावी का?’ हा प्रश्न खरा इथे सुरू होतो.

फुलफ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप आलं सिनेमाच्या फिल्मवरून. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रित झाला होता. त्याच सुमारास जर्मनीतल्या वेट्झलरला लाइट्झ कारखान्यातल्या ऑस्कर बार्नाकने हीच फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी फिरवली. सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट झाली : २४ बाय ३६. १९२५ मध्ये लायका बाजारात आला, आणि पुढे रोलच्या जमान्यातल्या बहुतेक लेन्स याच मापासाठी घडल्या.

डिजिटल युगात मात्र हे माप परवडेना. १९९१ च्या कोडॅक डीसीएसमध्ये निकॉनच्या एफ-३ बॉडीला १३ लाख पिक्सेलचा सेन्सर जोडला होता, पण तो फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. अडचण सिलिकॉनच्या चकतीत होती. २०० मिलिमीटर व्यासाच्या एका चकतीतून लहान, म्हणजे एपीएस-सी मापाचे सेन्सर कितीतरी जास्त निघत. फुलफ्रेमचे जेमतेम २०. चकतीवर धुळीचा एक कण बसला, तरी मोठा सेन्सर वाया जाण्याची शक्यता जास्त. शिवाय चिप छापणाऱ्या यंत्राचं क्षेत्र ३६ मिलिमीटरला पुरत नसे. एकच सेन्सर तुकड्यातुकड्याने छापून जोडावा लागे.

२००२ मध्ये फुलफ्रेम सेन्सरचा कॉन्टॅक्स एन डिजिटल आला, पण फार टिकला नाही. त्याच वर्षी कॅननने १ कोटी ११ लाख पिक्सेलचा वन-डीएस आणला. अमेरिकेत किंमत जवळपास ८,००० डॉलर. २००५ चा ५डी ३,३०० डॉलरच्या आसपास उतरला, तेव्हा कुठे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हा कॅमेरा आवाक्यातला वाटू लागला. २००७ च्या निकॉन डी-३ ने कमी उजेडातली ताकद दाखवली. २००८ च्या ५डी मार्क २ मध्ये फुल एचडी व्हिडिओ आला. एकाच बॉडीत फोटो आणि शूटिंग, दोन्ही. २०१३ मध्ये सोनीच्या ए-७ ने बॉडीतला आरसा काढून टाकला आणि २०१८ मध्ये निकॉन, कॅननही त्याच वाटेने गेले.

ग्राहकाच्या दृष्टीने या साऱ्याचा हिशेब क्षेत्रफळात आहे. फुलफ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. दीडपट क्रॉपच्या, म्हणजे त्याच लहान एपीएस-सी सेन्सरचं साधारण ३६७. म्हणजे तेवढ्याच अ‍ॅपर्चर-शटरला सव्वा स्टॉप जास्त प्रकाश गोळा होतो. क्रॉप बॉडीवर आयएसओ ३,२०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे फुलफ्रेमवर साधारण ७,००० च्या पुढे दिसू लागतात. दुसरा फायदा जागेचा. हळदीला खोलीत पाय ठेवायला जागा नसते, पाठ भिंतीला टेकलेली असते. तिथे २४ ची लेन्स क्रॉपवर ३६ सारखी दिसते आणि कडेची मावशी फोटोबाहेर जाते.

पण हा फायदा फुकटचा नाही. बॉडीबरोबर लेन्सही मोठ्या, महाग आणि जड. नुसती बॉडी घेऊन तिला क्रॉपची जुनी लेन्स लावली, तर काही कॅमेऱ्यांवर ती बसत नाही. बसली तरी फक्त मधला भाग वापरात येतो, म्हणजे पैसे मोजून पुन्हा क्रॉपच. पासपोर्ट फोटो, शाळेचं गॅदरिंग, उन्हातली वरात यांसाठी क्रॉप बॉडी पुरेशी आहे. तेव्हा हप्ते बांधण्याआधी गेल्या हंगामाची डायरी उघडावी आणि किती ऑर्डरी दिवेलागणीनंतरच्या होत्या ते मोजावं. निम्म्याहून कमी निघाल्या, तर ते पैसे आधी मोठ्या अ‍ॅपर्चरच्या एका चांगल्या लेन्सवर घालावेत.