टूल होल्डर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोसरी असो, अंबड असो की शिरोलीची एमआयडीसी. व्हीएमसीवर टूल मोडलं की आधी टूलच्या दर्जाला दोष दिला जातो, मग ऑपरेटरला. स्पिंडल आणि टूल यांना जोडणारा होल्डर मात्र तपासायचा राहून जातो.

गैरसमज: दहा मायक्रॉन रनआउटने काही बिघडत नाही.
वस्तुस्थिती: दोन फ्लूटच्या एंडमिलला प्रति दात ०.०२ मिमी फीड आहे असं धरा. डायलवर ०.०१ मिमी रनआउट दिसला, तर एक दात ०.०३ मिमीपर्यंत कापतो आणि दुसरा जेमतेम ०.०१. तिप्पट भार सोसणारी धार लवकर झिजते. बारीक टूल तर अशाने मोडतंच.

गैरसमज: कॉलेटचा नट जितका आवळावा तितकी पकड पक्की.
वस्तुस्थिती: ईआर कॉलेटच्या नटला ठरलेला टॉर्क असतो. पान्याला पाइप लावून आवळलं की कॉलेट आणि आटे दोन्ही खराब होतात. कॉलेट आधी नटमध्ये बसवायचा आणि मग नट होल्डरवर चढवायचा. कॉलेट कायमचा टिकत नाही. तोंड फाकलं की तो बदलावाच लागतो.

गैरसमज: एकच होल्डर सगळ्या कामांना चालतो.
वस्तुस्थिती: साइडलॉकमध्ये टूल सरकत नाही, म्हणून तो जड रफिंगला चांगला. पण त्याचा स्क्रू टूलला एका बाजूला ढकलतो, त्यामुळे रनआउट वाढतो. बारीक फिनिशिंगला हायड्रॉलिक किंवा श्रिंक-फिट होल्डर घ्यावा. होल्डर कुठलाही असो, टूल गरजेपुरतंच बाहेर ठेवा. बाहेरची लांबी दुप्पट झाली, तर तेवढ्याच भाराला टूल आठपट वाकतं.

गैरसमज: एचएसके म्हणजे नुसता वाढीव खर्च.
वस्तुस्थिती: साधा बीटी होल्डर फक्त टेपरवर बसतो. गती खूप वाढली की स्पिंडलचं तोंड किंचित फुगतं, होल्डर आत ओढला जातो आणि झेडचं माप बदलतं. एचएसके टेपर आणि फेस दोन्हींवर टेकतो, म्हणून माप टिकतं. मात्र ८,०००-१०,००० आरपीएमच्या रोजच्या कामाला चांगल्या स्थितीतला बीटी ४० पुरेसा आहे.

गैरसमज: होल्डरला देखभाल लागत नाही.
वस्तुस्थिती: टेपरवर अडकलेली एक बारीक चिप रनआउट वाढवते आणि स्पिंडललाही ओरखडे पाडते. होल्डर लावण्याआधी टेपर स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. टेपरवर तांबूस डाग दिसले, तर होल्डर स्पिंडलमध्ये सूक्ष्म हलतो आहे असं समजा. ते डाग एमरी पेपरने घासू नका, टेपरचं माप जाईल. पुल स्टड मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्याच प्रकारचा हवा. ४५ आणि ६० अंशांचे स्टड एकमेकांच्या जागी वापरणं धोक्याचं आहे. स्टड अति आवळला तर टेपरचं निमुळतं टोक फुगतं. झिजलेला किंवा तडा गेलेला स्टड लगेच बदला, कारण फिरत्या स्पिंडलमध्ये होल्डर त्याच्याच आधारावर धरलेला असतो.

म्हणून टूल मोडलं की दुसरं चढवण्याआधी टेपर पुसा, कॉलेट पाहा आणि डायल लावा. पाच मिनिटांची ही तपासणी टूलचा बराच खर्च वाचवते.