गहाण, खरेदी आणि मधला कागद

गेल्या वर्षी पितृपक्ष संपता संपता माझी भाची एक जाड फाइल घेऊन घरी आली. पुण्याच्या पूर्वेला, अजून बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीत तिने आणि जावयांनी दोन खोल्यांची सदनिका ठरवली होती. दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठे, फोटो, सह्या असे सगळे उरकून ती थेट माझ्याकडे आली होती. पेढे हातावर ठेवत म्हणाली, "मामा, ॲग्रीमेंट झालं. आता घर आमचंच ना?"

मला चटकन 'हो' म्हणता आले नाही. तिचा विरस करण्याची इच्छा नव्हती. पण आमच्या घराण्यात हाच प्रश्न एकदा चुकीच्या कागदाकडे बघून सोडवला गेला होता आणि त्यात शिरूर तालुक्यातली सव्वाचार एकर जमीन गेली होती.

मी वकील नाही. पुण्यातल्या एका छापखान्यात तीस वर्षे मुद्रिते तपासली. एका शब्दाच्या जागी दुसरा पडला की वाक्याचे काय होते, एवढेच त्या कामात शिकलो. जमिनीच्या कागदांकडे वळलो तो याच सवयीने. आजोबांची जमीन 'गहाण होती, ती सावकाराने लाटली' असे वडील आयुष्यभर सांगत आले. ते गेल्यावर मी निबंधक कार्यालयातून जुन्या दस्ताची नक्कल काढली. १९५१ सालचा तो कागद गहाणखत नव्हता. ते चक्क खरेदीखत होते. आजोबांनी बाराशे रुपयांना जमीन 'कायम फरोक्त' करून दिली होती. आणि घरातल्या ट्रंकेत, त्याच तारखेचा, दुसरा एक कागद सापडला. त्यात घेणाऱ्याने लिहून दिले होते की, पाच वर्षांच्या आत बाराशे रुपये परत आणून दिल्यास जमीन उलट खरेदी करून देईन.

हे दोन कागद समजून घेताना मला जे शब्द शिकावे लागले, तेच या लेखाचा विषय आहेत. घर किंवा जमीन घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाला ते भेटतात. आणि प्रत्येक कागद त्याच्या मजकुरात असतो तेवढाच हक्क देतो, त्याहून कणभर जास्त नाही.

सुरुवात 'गहाण' या शब्दापासूनच करू. तो संस्कृत 'ग्रहण'मधून आला; घेणे, धरून ठेवणे हा त्याचा अर्थ. मालकी माझीच, पण तुझ्या पैशांपोटी ती तू धरून ठेव, असा हा व्यवहार. धर्मशास्त्रात याला 'आधि' म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतीत आधीचे बारकावे आहेत: नुसता जपून ठेवायचा तो गोप्य आणि ज्याचा उपभोग घ्यायचा तो भोग्य. काळ ठरवून दिलेला आधी मुदत टळली की बुडतो. पण ज्याचे फळ धनको खातो आहे तो भोग्य आधी बुडत नाही, असा तिथला नियम आहे. शेत धनकोच्या ताब्यात असेल आणि पीक तो खात असेल, तर व्याज त्यातून फिटतेच आहे. मग मालकाचा हक्क का बुडावा, असा त्यामागचा सरळ न्याय दिसतो.

आजच्या व्यवहारांचा पाया म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या ५८ व्या कलमात गहाणाचे सहा प्रकार आहेत. मालमत्ता मालकाच्या ताब्यात राहते ते साधे गहाण, बोलीभाषेत नजरगहाण. ताबा धनकोकडे जातो आणि उत्पन्न तो घेतो ते ताबेगहाण, म्हणजे जुना भोग्य आधीच. वरवर विक्री, पण ठरल्या मुदतीत पैसे दिल्यास परत, ती मुदत खरेदी. चौथे इंग्लिश गहाण. पाचवे, मालकीहक्काचे मूळ कागद धनकोकडे ठेवून केलेले गहाण. आणि या पाचांत न बसणारे ते सहावे.

या सगळ्यांना एक गोष्ट समान आहे. साठाव्या कलमाने दिलेला सोडवणुकीचा हक्क, म्हणजे पैसे फेडून मालमत्ता मोकळी करून घेण्याचा हक्क. 'अमुक तारखेनंतर सोडवता येणार नाही' अशी अट गहाणखतात घातली तरी न्यायालये ती मानत नाहीत. एकदा जे गहाण ते शेवटपर्यंत गहाणच, हे त्यामागचे तत्त्व. सोडवणुकीच्या दाव्याला पूर्वी साठ वर्षांची मुदत होती. १९६३ च्या मुदत कायद्याने ती तीस वर्षांवर आणली. ताबेगहाणाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की, गहाणखताच्या तारखेपासून तीस वर्षे मोजून मालकाचा हक्क संपवता येणार नाही. याज्ञवल्क्याचा नियम आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो.

मग आजोबांचे काय झाले? मुदत खरेदीत कागद विक्रीचा आणि मनातला व्यवहार गहाणाचा, असा दुहेरी कारभार असतो. त्यातून वाद वाढले म्हणून १९२९ मध्ये ५८ व्या कलमाला एक परंतुक जोडले गेले: परत करण्याची अट विक्रीच्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर त्या व्यवहाराला गहाण मानले जाणार नाही. आजोबांची अट दुसऱ्या कागदावर होती. त्यामुळे तो कागद उरला फक्त उलट खरेदीचा करार, आणि अशा करारात मुदत काटेकोर पाळावी लागते. मुदत संपल्यावर चार महिन्यांनी आजोबा पैसे घेऊन गेले, असे वडील सांगत. गहाण असते तर चार महिन्यांनी काहीच बिघडले नसते. तीच दोन वाक्ये त्याच एका कागदावर असती, तर निदान 'हे गहाणच आहे' असे न्यायालयापुढे मांडण्याची वाट उघडी राहिली असती. मग किंमत किती कमी होती, ताबा कोणाकडे होता, हे सारे बघितले गेले असते. आमच्या बाबतीत ती वाट कागद लिहितानाच बंद झाली. कोणी मुद्दाम केली की लिहिणाऱ्यालाही नियम ठाऊक नव्हता, हे आता कळणे नाही.

आमच्या भागाला कागदांचे हे भय नवे नाही. मे १८७५ मध्ये सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, हुकूमनामे हिसकावून जाळले गेले. शिरूर, पारनेरकडेही हे लोण पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात न्यायालयांनी रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता कर्जाचा इतिहास मुळापासून तपासावा, अशी तरतूद होती. कागद काय म्हणतो आणि खरे काय घडले यांत अंतर असू शकते, हे सरकारनेही तेव्हा मान्य केले होते. आजही महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने, सावकारीच्या ओघात बळकावलेल्या स्थावराचा व्यवहार ठरावीक वर्षांच्या आत तक्रार आल्यास जिल्हा निबंधकाला तपासता येतो आणि रद्दही ठरवता येतो. गावोगाव आजही 'नावापुरती खरेदी' होते, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

आता भाचीच्या फाइलकडे येऊ. व्यवहाराची पहिली पायरी विसार, म्हणजे बोली पक्की केल्याची रक्कम. त्यावरची विसारपावती मालकी देत नाही. दुसरी पायरी साठेखत, म्हणजेच भाचीचे ॲग्रीमेंट. 'अमुक किमतीला विकीन' असे ते वचन आहे. चौपन्नाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, विक्रीचा करार एवढ्यानेच मालमत्तेत हक्क किंवा बोजा निर्माण करत नाही. तिसरी पायरी खरेदीखत. मालकी हातातून हातात जाते ती इथे, तीही नोंदणी झाल्यावर. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे 'विकलेल्या' जागांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच सांगितले: मुखत्यारपत्राने मालकी जात नाही.

महाराष्ट्रात एक गंमत आहे, तिच्यामुळे भले भले फसतात. साठेखतात ताबा दिला असेल किंवा पुढे देण्याचे कबूल केले असेल, तर मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकेच घेतले जाते. एवढे पैसे सरकारात भरल्यावर माणसाला वाटते, घर झाले. शुल्क पूर्ण भरले, हक्क मात्र अजून यायचा असतो.

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेत तर पायऱ्या आणखी वाढतात. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा २०१६, त्यानुसार साठेखत नोंदवल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. क्षेत्र चटईचे सांगावे लागते. त्यात घरातल्या भिंतींची जागा धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. साठेखतानंतर तीच सदनिका त्याने गहाण टाकली, तरी घेणाऱ्याच्या हक्काला त्याने बाधा येत नाही. पण साठेखताच्या आधीच सगळा प्रकल्प बँकेकडे गहाण असेल तर? म्हणून त्या बँकेचे ना-हरकत पत्र फाइलमध्ये हवे. भाचीच्या फाइलमध्ये ते नव्हते. आणि शेवटची पायरी म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून देणारे अभिहस्तांतरण. ते न झालेल्या कितीतरी इमारतींत माणसे वर्षानुवर्षे राहतात आणि पुनर्विकासाची वेळ आली की जमीन अजून जुन्याच नावावर असल्याचे कळते.

शेतजमिनीत हीच गल्लत सातबाऱ्याबाबत होते. खरेदीखत झाले की तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढून हरकती मागवतो, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नाव चढते. पण हा महसुलाचा अभिलेख आहे. नाव चढले म्हणून मालकी आली असे होत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. सातबारा वाचताना नावाइतकेच 'इतर हक्क' या रकान्याकडे पाहावे. सोसायटीचे कर्ज, बँकेचा बोजा, कुळाची नोंद तिथे असते. भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल, तर विक्रीवर शासनाची बंधने आहेत असे समजावे.

राहिले कर्ज. भाचीला वाटत होते की बँकेने 'फक्त कागद ठेवून घेतले'. हे कागद ठेवणे म्हणजेच पाचव्या प्रकारचे गहाण. महाराष्ट्रात त्याची सूचनाही आता निबंधकाकडे नोंदवावी लागते, म्हणजे पुढच्या घेणाऱ्याला शोध घेताना ते दिसते. हप्ते थकले आणि खाते बुडीत ठरले, तर २००२ च्या कायद्याने बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता घराचा ताबा घेऊ शकते. शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे.

हप्त्याचे गणितही तिच्यासमोर मांडले. वीस लाखांचे कर्ज, व्याज नऊ टक्के, मुदत वीस वर्षे, तर हप्ता सुमारे १७,९९५ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात १५,००० व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम तीन हजार. वीस वर्षांत एकूण त्रेचाळीस लाखांहून जास्त भरावे लागतात. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलापोटी भरलेला जादा रुपया सर्वांत मोलाचा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर त्यासाठी दंड घेता येत नाही. आणि कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करणे बँकेला बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कागद घेतले की बोजा कमी झाल्याची नोंदही त्याच आठवड्यात करून घ्यावी. ती विसरणारे पुष्कळ असतात आणि घर विकताना अडतात.

त्या दिवशी भाचीचा पेढा मी खाल्ला, पण तिला म्हणालो, "घर तुमचं होईल. आज तुमच्याकडे त्याचं वचन आहे, आणि ते नोंदवलेलं आहे. आता तीन कागद मागून घे." एका चिठ्ठीवर लिहून दिले: प्रकल्पाच्या बँकेचे ना-हरकत पत्र, जमिनीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, आणि तोंडी ठरलेले जे काही आहे ते करारातच आलेले. तिसऱ्यावर ती अडखळली. पार्किंगची जागा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मिळाली होती. फाइलच्या शेवटच्या खिशातून तिने ती काढून दाखवली. सही होती, तारीख करारनाम्याचीच होती.

मी उठून ट्रंकेतला आजोबांचा दुसरा कागद आणला आणि त्या चिठ्ठीशेजारी ठेवला. तिने दोन्ही वाचले. काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात ती आणि जावई पुन्हा निबंधकाकडे गेले आणि पार्किंगचा मजकूर घातलेला पुरवणी करार नोंदवून आले.